गंजाचा अभ्यास

मे महिना, धरमपेठ, दुपारचे तीन.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
मी समुद्रकाठच्या चौदा मजल्यांची
नैऋत्येकडची बाजू काढते आहे
आणि पाठीमागे कूलर
वाळ्याच्या ओल्या वासाने धापा टाकतो आहे.

समुद्र मी दोनदा पाहिला.
एकदा शाळेच्या सहलीत, एकदा लग्नानंतर,
दोन्ही वेळा त्याच्याकडे पाठ करून, फोटोसाठी.

गिऱ्हेपुंजे म्हणाले, "मॅडम, समोरून पुरी काच लावा ना.
माणूस कायले घेते तिथं फ्लॅट? समुद्र पाह्यालेच ना."
संत्र्याच्या धंद्यातला पैसा, मनाने मोकळा माणूस.
मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही,
चहा मागवला.

माझा हात इथला आहे.
त्याला वारा म्हणजे लू.
तो आपसूक खिडक्या लहान काढतो,
भिंत जाड, पश्चिमेला जिना नि न्हाणीघर,
म्हणजे ऊन त्यांनी खावं.
पहिले तीन नकाशे असेच झाले:
दारं लावून बसलेली
चौदा मजली दुपार.

साइटवरून बबन तांडेलचा फोन,
आधी होडीवर होता, आता सुपरवायझर.
"बाय, तुम्ही वाऱ्याला तोंडावर घेतलंत.
होडी अशी उभी करतात काय कधी?
जरा तिरकी घ्या. त्याला वाट ठेवा.
तो काय राहायला येत नाही."

अख्खी इमारत अठरा अंशांनी फिरवली.
कागदावर ते एका बोटाचं काम.
पार्किंगचे खांब मात्र
दोन रात्री जुळेनात.

खारं तेवढं कळत नव्हतं.
नियमात होतं, सळईवर पन्नास मिलिमीटर काँक्रीट.
लिहून टाकलं, पन्नास.
चाळीस काय नि पन्नास काय.

मग आज कूलरखाली पाणी आलं.
वाकून पाहिलं तर टाकीचा तळ
बोट लावलं की पापडासारखा मोडतो,
कडेकडेने बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
जिभेला लावला. खारट. थोडा कडूही.

बाबा दर एप्रिलला ही टाकी गच्चीवर उलटी करायचे,
तारेच्या ब्रशने घासायचे,
डांबराचे दोन हात, कोपऱ्यांना तीन.
"पत्रा मधातून नाही सडत, सांध्यातून सडते.
पाणी जिथं थांबते ना बाई, तिथं पाहत जाय."
मी पाहत नसे. नाकावर ओढणी धरून
डबा तेवढा धरायची.

बोटं पुसून पुन्हा मेजाशी बसले.
पाणी कुठं थांबतं?
सज्जाच्या टोकाला, खिडकीच्या उंबऱ्यात,
रेलिंग लादीत घुसतं त्या भोकात.
एकेक कोपरा उतरता केला.
रेलिंग उपटून बाहेरच्या अंगाला टांगलं.
काच सहा फूट आत ढकलली, सावलीत,
पुढे लाकडी झडपा. गिऱ्हेपुंजे ओरडतील.
आणि प्रत्येक घराला कपड्यांसाठी एक जाळीची बोळ,
कारण तांडेल म्हणतो, पावसाळ्यात तिथे
चड्डीसुद्धा चार दिवस ओली.
इथे माझी ओढणी दोरीवर टाकेस्तोवर वाळते.
दोन्ही खरं, आणि एकाच राज्यात.

पन्नासचा आकडा पुन्हा गिरवला.
या वेळी त्याला डांबराचा वास आला.

संध्याकाळी कूलरवाला निनावे येऊन गेला.
"टाकी गेली. फायबरची घ्या, गंजाची कटकट नाही."
किती टिकते?
"उन्हानं तडकते कधी कधी. सांगता येत नाही."
मी पत्र्याचीच सांगितली.
आणि अर्धा लिटर डांबर.

मग तांडेलला फोन लावला,
काम काही नव्हतं.
विचारलं, वारा कसा आहे आज?
"पडलाय," म्हणाला.
त्याच्या मागे मात्र
काहीतरी सारखं आपटत होतं.